एकाच खड्ड्यात तिसऱ्यांदा झाड मेलं? आधी महिना आठवा

आमच्या फाटकाच्या डाव्या हाताला कुंपणालगत एक कोपरा आहे. तिथे मी सोनचाफा तीनदा लावला आणि तीनदा गमावला. पहिलं झाड पावसाळा संपता संपता गेलं. दुसऱ्या वेळी खड्डा आणखी मोठा घेतला, तळाला विटांचे तुकडे टाकले, वर लाल माती आणि शेणखत भरलं. तोही ऑक्टोबरात वाळला. तिसऱ्या वेळी वाटलं रोपातच खोट असेल, म्हणून फुलं लागलेलं महागाचं कलम आणलं. दसऱ्याला त्याला सात-आठ पानं उरली होती, दिवाळीला नुसती काडी. प्रत्येक वेळी दोष कधी नर्सरीला दिला, कधी किडीला, कधी माळ्याला. तिन्ही झाडं एकाच मोसमात गेली आहेत, हे मात्र माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

तेव्हापासून कुणी म्हणालं की "आमच्याकडे अमुक झाड जगतच नाही", तर मी पहिला प्रश्न एकच विचारते: कोणत्या महिन्यात गेलं? पुण्यात झाडाला वर्षातून दोन परीक्षा द्याव्या लागतात. एक जुलै-ऑगस्टची, मुळांशी पाणी साचण्याची. दुसरी एप्रिल-मेची, चाळीस अंशांच्या उन्हाची आणि कोरड्या वाऱ्याची. शिवाजीनगरला वर्षभरात साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो, पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. उरलेले आठ महिने झाड तुमच्या पाइपवर जगतं. आपण रोप निवडतो ते मात्र जूनच्या पहिल्या सरीनंतर किंवा जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन बघून आल्यावर, म्हणजे नेमकी हवा सगळ्यात प्रेमळ असते तेव्हा. त्या दिवशीचं अंगण खरं अंगण नसतं.

पावसाळ्यात किंवा दसऱ्याच्या आसपास गेलं

हे सगळ्यात जास्त घडतं आणि सगळ्यात चुकीचं समजलं जातं. लक्षण असं: माती ओली आहे, तरी पानं मलूल. माझी ताई वाघोलीला राहते. तिचा फोन आला, "अगं, रोज पाणी घालते, तरी पारिजातक मान टाकतोय." मी म्हटलं, "ताई, म्हणूनच टाकतोय. पाणी बंद कर आणि बोटभर माती उकरून वास घे." कुजका, आंबूस वास आला. चांगलं मूळ आतून पांढरट आणि टणक असतं. कुजलेलं तपकिरी दिसतं आणि चिमटीत धरून ओढलं की वरची साल निघून हातात येते, आत नुसता दोरा राहतो. मुळांनाही श्वासाला हवा लागते. मातीतल्या पोकळ्या आठवडाभर पाण्याने भरून राहिल्या की मुळं गुदमरतात आणि मग बुरशी त्यांचा ताबा घेते.

मग झाड ऑगस्टमध्येच का मरत नाही? कारण ढगाळ, दमट हवेत पानांना पाणी फारसं लागत नाही. अर्धी मुळं गेली तरी झाड हिरवंगार दिसतं. ऑक्टोबरचं ऊन तापलं की पानं पाणी मागू लागतात आणि खाली द्यायला कुणी उरलेलं नसतं. आपण म्हणतो ऑक्टोबर हीटने गेलं. गेलेलं असतं नारळी पौर्णिमेलाच.

पाणी साचण्याची कारणं पुण्यात जागेप्रमाणे वेगळी आहेत. या शहराखाली काळा पाषाण आहे, बेसाल्ट. तो झिजून मुरूम झाला आणि मुरूम आणखी झिजून, वाहून, सखल भागात काळी माती झाली. त्यामुळे टेकड्यांच्या पायथ्याला, म्हणजे कोथरूड, पाषाण, धनकवडी अशा उतारांवर, वीतभर माती आणि खाली मुरूम लागतो. नदीकाठाला आणि पूर्वेकडे काळी माती खोल असते. आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बांधलेल्या घरांभोवती या दोन्हींऐवजी तिसरीच गोष्ट सापडते: राडारोडा. विटा, सिमेंटचे गठ्ठे, फरशीचे तुकडे, त्यावर रोलर फिरवून दाबलेला मुरूम आणि वर दाखवण्यापुरता सहा इंच लाल मातीचा थर.

अशा दाबून घट्ट झालेल्या मुरमात खणलेला खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेला रांजण. आजूबाजूच्या घट्ट मुरमात पाणी सावकाश उतरतं, तुम्ही भरलेल्या भुसभुशीत मातीत पटकन उतरतं. म्हणजे अंगणभरचं पाणी त्या रांजणात येऊन थांबतं. खड्डा जितका खोल आणि आतली माती जितकी लाडाची, तितका रांजण मोठा. माझा दुसरा सोनचाफा मी या समजुतीतच मारला, की मोठा खड्डा म्हणजे जास्त काळजी.

विटांच्या तुकड्यांबद्दल स्वतंत्र सांगते, कारण हा सल्ला अजून सर्रास दिला जातो. तळाला खडी किंवा विटा घालून निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. वरची माती तुडुंब भिजेपर्यंत ते तिथेच धरून राहतं. खाली विटांचा थर असला की हा चिंब पट्टा उलट वर, मुळांच्या जवळ सरकतो. कुंडीलाही हेच लागू आहे.

तपासायची रीत सोपी. दीड फूट लांब-रुंद आणि दीड फूट खोल खड्डा घ्या. पाण्याने भरा, पूर्ण जिरू द्या. लगेच पुन्हा भरा आणि काठीवर खूण करून दर तासाला बघा. तासाला एक इंचाहून कमी पाणी उतरत असेल तर निचरा वाईट आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी उभं दिसलं तर तिथे सोनचाफा, पारिजातक, लिंबू, शेवगा, पपई यांचं नाव काढू नका. माझ्या कोपऱ्यात छत्तीस तासांनंतरही चार बोटं पाणी होतं. तीन झाडं गेल्यावर मी ही चाचणी केली. ती पहिल्या झाडाआधी केली असती तर सोनचाफ्यांची तिन्ही रोपं वाचली असती, याचं मला आजही वाईट वाटतं.

उपाय दोन. एक म्हणजे जागा सुधारणं: खड्डा खोल न घेता पसरट घ्या, तळ आणि बाजू पहारीने फोडून खडबडीत करा, आणि झाड खड्ड्यात न लावता उंचवट्यावर लावा. चार-पाच फूट व्यासाचा, मध्यभागी फूटभर उंच असा मातीचा ढीग पुरतो. उताराच्या बाजूने पाणी बाहेर जायला चर ठेवा. काळ्या मातीत वाळू मिसळण्याच्या भानगडीत पडू नका. थोड्या वाळूने काहीच होत नाही आणि पुरेल इतकी वाळू घरच्या बागेत कुणी घालू शकत नाही. पालापाचोळ्याचं खत दर वर्षी वरून पसरत राहा, गांडुळं ते खाली नेतात. दुसरा उपाय म्हणजे पाय ओले चालतील असं झाड निवडणं. ताम्हण हे आपलं राज्यपुष्प. त्याचं मूळ घर ओढ्याकाठचं, म्हणून त्याला ओल मानवते. एप्रिल-मेत जांभळी फुलं येतात तेव्हा डोळे निवतात. झुडपांत कर्दळ, खाली पांढरी लिली.

आणि काळ्या मातीत लावायची वेळ बदला. ५ जूनला पर्यावरण दिन म्हणून लावलेलं रोप नवखं असतानाच जुलैच्या चिखलात सापडतं. अशा जागी मी ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात लावते. जमीन ओली असते, पावसाचा जोर ओसरलेला असतो आणि थंडीपर्यंत मुळं धरतात. मुरमाच्या उतारावर मात्र जूनअखेर ते जुलैची सुरुवातच चांगली, कारण तिथे ओल टिकत नाही.

एप्रिल-मेमध्ये गेलं

इथे सगळे म्हणतात पाणी कमी पडलं. कधी कधी तसं असतंही. पण पाणी नीट असूनही पानं कडेने करपत असतील, तीही एकाच बाजूची, तर ऊन तपासा. आणि ते मेमध्येच तपासा.

आमच्या शेजारच्या काकांनी जानेवारीत घराच्या उत्तरेला सुंदर सावलीची बाग केली. नेचे, मॉन्स्टेरा, ड्रासेना, मध्ये दगडी दिवा. मार्चपर्यंत सगळं बहारीत. मेच्या दुसऱ्या आठवड्यात पानांवर कागद जाळल्यासारखे पांढरे-तपकिरी डाग पडले. काका म्हणाले, "उत्तरेला ऊन येतं कुठून?" मी त्यांना घेऊन भर दुपारी बारा-साडेबाराला तिथे उभी राहिले. ऊन डोक्यावरून सरळ पडत होतं आणि घराची सावली नावालाही नव्हती.

पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. त्यामुळे १३-१४ मेच्या सुमारास आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो. तेव्हापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो, आणि रोज सकाळी उगवतो व मावळतो तोही उत्तरेकडे सरकून. म्हणजे उत्तरेची भिंत, जी हिवाळाभर गारठलेली असते, तिच्यावर नेमकं मे महिन्यात ऊन येतं. उलट डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला कलून जेमतेम अठ्ठेचाळीस अंशांवर असतो. २५ फूट उंच बंगल्याची सावली तेव्हा भर दुपारीही उत्तरेला जवळजवळ २२ फूट पडते. जानेवारीत उत्तरेची जागा बघून ती सावलीची ठरवणं आणि दक्षिणेची जागा बघून ती उन्हाची ठरवणं, दोन्ही अर्धवट आहे. दक्षिणेच्या भिंतीवर मेमध्ये दुपारी ऊन जवळजवळ पडतच नाही, कारण सूर्य माथ्यावर असतो. त्या जागी मोगरा हिवाळ्यात छान दिसतो आणि ऐन बहराच्या दिवसांत, उन्हाळ्यात, रुसतो.

त्यामुळे उत्तरेला खरी सावलीची बाग हवी असेल तर मे-जूनपुरती हिरवी जाळी बांधा, किंवा त्या पट्ट्याच्या बाहेरच्या कडेला एखादं लहान पानदार झाड लावा. सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन तेच अडवेल.

पश्चिम हा वेगळाच प्रकार. एप्रिलमध्ये दुपारी दोन ते सहा पश्चिमेची भिंत तापते आणि रात्री नऊपर्यंत ती उष्णता परत देते. झाड दोन्हीकडून भाजतं. काँक्रीटची भिंत, समोर पेव्हिंग ब्लॉक आणि मध्ये फूटभराची पट्टी असेल तर तिथे क्रोटन, नेचे, अँथुरियम यांचा हट्ट सोडा. बोगनवेल, पांढरा चाफा, मेंदी, सावनी ही तिथली माणसं. भिंतीपासून फूटभर अंतरावर जाळी उभी करून मधुमालती चढवली तर भिंतही गार राहते आणि आतली खोलीही थंड होते. हे मी तीन घरी करून पाहिलं आहे आणि तिन्ही घरची मंडळी खूश आहेत.

पाण्याबद्दल एवढंच: रोज तांब्याभर पाणी घालणं हे झाडाला आळशी करणं आहे. मुळं वरच्या दोन इंचांत राहतात आणि गावाला चार दिवस गेलात की झाड संपतं. आठवड्यातून दोनदा, बुंध्यापासून दूर केलेल्या रुंद आळ्यात, पोटभर. आळ्यात वाळलेली पानं चार बोटं पसरा, फक्त बुंध्याला टेकवू नका.

फेब्रुवारीत गेलं असं वाटतंय

थांबा, उपटू नका. पांढरा चाफा डिसेंबरपासून नागडा उभा असतो. बहावा, पारिजातक, सीताफळ, कांचन यांची पानं उन्हाळ्याआधी झडतात. नखाने फांदीची साल किंचित खरवडा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. आमच्या सोसायटीत नवीन माळ्याने असा एक सहा वर्षांचा चाफा मुळासकट काढून टाकला होता. त्याची एक फांदी मी उचलून आणली, आठ दिवस सावलीत चीक सुकू दिला आणि कुंडीत खोचली. ती आता दारात फुलते.

मरत नाही, पण कायम पिवळं

नवी, शेंड्याची पानं पिवळी आणि त्यातल्या शिरा हिरव्या, असं दिसत असेल तर ती लोहाची कमतरता. मातीत लोह नसतं असं नाही, आपल्या मातीत ते भरपूर असतं. पण चुन्याने माती अल्कधर्मी झाली की झाडाला ते उचलता येत नाही. काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतातच, त्यात बांधकामाचं सिमेंट मिसळतं आणि वरून बोअरचं जड पाणी. कुंडीच्या कडेला पांढरी पुटं चढलेली दिसतात, ती याच पाण्याची. एक ओळखीची खूण: मोगरा किंवा अनंत मेमध्ये पिवळा पडतो आणि जुलैत पावसाचं पाणी मिळालं की आपोआप हिरवा होतो.

चमचाभर कोरडी माती बशीत घ्या, तिच्यावर स्वयंपाकघरातलं व्हिनेगर टाका. बुडबुडे फसफसले तर चुना आहे. अशा मातीत हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, टाकून उपयोग होत नाही, ते दोन दिवसांत तिथेच अडकतं. खतांच्या दुकानात चिलेटेड लोह मिळतं, पण त्यातलं ईडीडीएचए प्रकारचं मागा. स्वस्तातलं ईडीटीए प्रकारचं चुनखडीच्या मातीत टिकत नाही, ते फवारणीपुरतं ठीक.

पण खरं सांगायचं तर दर दोन महिन्यांनी औषध द्यावं लागणारं झाड आपण चुकीच्या घरी आणलेलं आहे. अनंत, रुक्मिणी म्हणजे एक्झोरा, सोनचाफा ही कोकणातल्या तांबड्या, आंबट मातीत सुखी असणारी मंडळी. ती हवीच असतील तर मोठ्या कुंडीत किंवा ड्रममध्ये लावा. माती आपल्या हातात राहते आणि पाणी नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं देता येतं. जमिनीत त्यांच्या जागी कुंती लावा. तिचाही वास पावसाळ्यातल्या संध्याकाळी अंगण भरून टाकतो, आणि तिला कात्री चालते.

दोन-तीन वर्षं छान, मग अचानक

बुंधा धरून हलवा. डुगडुगला तर मुळं गोल फिरलेली आहेत. पिशवीत वर्षानुवर्षं राहिलेल्या रोपाची मुळं आतल्या आत वेटोळं घालतात आणि जमिनीत गेल्यावरही बाहेर पडत नाहीत. खोड जाड होत जातं आणि तीच मुळं त्याचा गळा आवळतात. बहाव्यासारख्या सोटमूळ असणाऱ्या झाडाला हे फार बाधतं.

पुण्यातल्या नर्सऱ्यांमध्ये कितीतरी रोपं आंध्रातल्या कडियमहून ट्रकने येतात. अनेकदा त्यांच्या मुळांभोवती चिकट मातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच आपल्या मातीत ठेवला तर वाळल्यावर विटेसारखा होतो. बाहेरची माती ओली राहते, आतलं रोप तहानलेलं. लावण्याआधी गोळा बादलीत अर्धा तास भिजवा, बाहेरची बोटभर माती हळूच सोडवा, फिरलेली मुळं धारदार कात्रीने दोन-तीन ठिकाणी कापा. कापताना जीव वरखाली होतो, पण कापा.

म्हणूनच दहा फुटी तयार झाड घेऊ नका असं माझं ठाम मत आहे. वास्तुशांतीला बाग तयार दिसावी म्हणून लोक हजारो रुपये घालतात. शेजारी लावलेलं तीन फुटी, मोकळ्या मुळांचं रोप पाच-सहा वर्षांत त्याला गाठतं आणि वादळात उभं राहतं.

दुसरी शक्यता म्हणजे झाड खोल लावलेलं आहे. जमिनीजवळ बुंधा पसरट होत मुळांत जातो, तसा दिसला पाहिजे. तो विजेच्या खांबासारखा सरळ मातीत घुसत असेल तर साल जमिनीखाली सडतेय. वाळवीलाही तिथेच वाट मिळते. माती बाजूला करून पहिलं आडवं मूळ उघडं करा. वेळेत केलं तर झाड वाचतं.

जगलं, पण दर वर्षी तोडावं लागतं

ही तक्रारही मी त्याच यादीत धरते, कारण मूळ तेच आहे: जागा न बघता निवड. दहा फुटांच्या पुढच्या अंगणात गुलमोहर, करंज, सप्तपर्णी, वड-पिंपळ किंवा रबराचं झाड लावू नका. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, दिसतो सुंदर, पण मुळं उथळ आणि लाकूड ठिसूळ. मेमधल्या वळवाच्या वादळात गाड्यांवर पडलेली झाडं बघा, त्यात तो हटकून असतो. सप्तपर्णीचा ऑक्टोबरातला उग्र वास काहींना झोपू देत नाही. कुंपणाला झटपट हिरवी भिंत म्हणून कोनोकार्पस खपवला जातो. त्याची मुळं पाण्याच्या शोधात लांब जातात, ड्रेनेजच्या चेंबरलाही सोडत नाहीत. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. कुंपणासाठी अडुळसा, कुंती, मेंदी आहेत की. कण्हेर आणि बिट्टी चिवट आहेत, पण दोन्ही विषारी आहेत. घरात लहान मूल किंवा कुत्रं असेल तर नकोच.

आणि एकदा झाड मोठं झालं की ते नुसतं तुमचं राहत नाही. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे शहरात झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, ते तुमच्या अंगणातलं असलं तरी. हा कायदा मला मनापासून योग्य वाटतो. म्हणून तर तीन फुटी रोप हातात असतानाच त्याचा पन्नास वर्षांनंतरचा घेर डोळ्यांसमोर आणायचा. त्यासाठी शनिवारी सकाळी एम्प्रेस गार्डनला किंवा शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयाच्या आवारात चक्कर मारा. पूर्ण वाढलेलं झाड तिथे प्रत्यक्ष दिसतं, त्याच्याखाली उभं राहून सावली पावलांनी मोजता येते.

मग काय लावू?

हे मला नेहमी सगळ्यात आधी विचारलं जातं. आता सांगते.

लहान अंगण, मुरूम, ऊन भरपूर: पांढरा चाफा, आपटा, कांचन, सीताफळ. सीताफळाला तर मुरूमच आवडतो. सासवडच्या माळावर ते काय जोमाने येतं, दिवेघाट चढून गेलात की दिसेलच. जागा जरा मोठी असेल तर बहावा, पण घरापासून पंधरा फूट तरी लांब. पावसाळ्यात त्याच्या पानांवर हिरव्या अळ्या येतात, पिवळसर-पांढऱ्या फुलपाखरांच्या. फवारणी करू नका. झाड पुन्हा पालवतं आणि फुलपाखरं अंगणात राहतात.

एकच झाड लावायचं आणि ते नातवंडांनी बघायचं असेल तर बकुळ. सावकाश वाढते, वर्षभर हिरवी असते, ऊन सोसते, फांद्या मोडत नाहीत. भिंतीपासून दहा-बारा फूट सोडा. पहिली चार वर्षं धीर धरावा लागतो, एवढंच.

काळी माती असेल तर उंचवट्यावर ताम्हण, पेरू, डाळिंब. पारिजातक हवाच असेल तर तोही उंचवट्यावर, आणि तिथे पावसाळ्यात पाइप न्यायचा नाही. ताईचा दुसरा पारिजातक असाच लावला. तिसरं वर्ष आहे त्याचं, आणि गणपतीत सकाळी परडीभर फुलं निघतात.

अर्धवट सावलीत तगर, अडुळसा, अबोली. कढीपत्ता कुठेही, फक्त त्याच्या मुळांपासून फुटणारे फुटवे दर पावसाळ्यात काढा, नाहीतर दोन वर्षांत कढीपत्त्याचं रान होतं. जास्वंद सगळ्यांना हवी असते आणि सगळ्यांकडे तिच्यावर पिठ्या ढेकूण येतो. तिला सहा तास ऊन आणि मोकळी हवा द्या, खताचा मारा कमी करा, आणि खोडावरून मुंग्यांची रांग जात असेल तर आधी तिचा बंदोबस्त करा, कारण त्या ढेकणाला राखतात. हिरवळीचं मी मुद्दामच काही लिहीत नाही. मे महिन्यात टँकर मागवणाऱ्या सोसायटीने लॉन लावू नये.

आणि अशोक मागताना नीट बोला. नर्सरीत नुसतं अशोक म्हटलं की उंच, सरळ, लोंबत्या पानांचा खोटा अशोक हातात पडतो. केशरी फुलांचा हवा असेल तर सीता अशोक म्हणा. त्याला मात्र सकाळचं कोवळं ऊन आणि मेमधली दुपारची सावली लागते. घराच्या पूर्वेला तो रमतो.

माझ्या त्या कोपऱ्यात मी आधी पहार घेऊन खड्ड्याची उताराकडची कड फोडली, कुंपणाखालून रस्त्याकडच्या गटारापर्यंत चर काढला आणि पाच फूट रुंद, फूटभर उंच ढीग केला. त्यावर सोसायटीतून उचललेल्या त्याच पांढऱ्या चाफ्याची एक फांदी लावली. सोनचाफा आता पूर्वेच्या ओट्यावर दोनशे लिटरच्या ड्रममध्ये आहे. त्याला नळाचंच पाणी देते. गेल्या जुलैत दोन दिवस संततधार लागली तेव्हा छत्री घेऊन कोपऱ्याशी गेले. चरातून गढूळ पाणी वाहत होतं, आणि चाफ्याच्या बुंध्याजवळ पाय ठेवला तर तो रुतत नव्हता.